साध्या प्रश्नावलीला एथिक्स कमिटीची एवढी पूर्ण प्रक्रिया कशाला?

निशाचर:
मधुमेहाच्या पेशंटना गोळ्या वेळेवर घेता का, विसरलात तर काय करता, एवढंच विचारायचंय. ना सुई ना औषध. तरी एथिक्स कमिटीला, म्हणजे पेशंटवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीला, पूर्ण प्रोटोकॉल (अभ्यास कसा करणार त्याचा आराखडा) द्या, कन्सेंट फॉर्म (पेशंटचं संमतीपत्र) द्या, माहिती कुठे ठेवणार ते लिहा, आणि मग कोरम नाही, पुरेसे सदस्य आले नाहीत म्हणून मीटिंगच पुढे. अमेरिकेतल्या मिशिगनचं बघा, आयसीयूत सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं) इन्फेक्शन होऊ नये म्हणून हात धुणं, क्लोरहेक्सिडीननं त्वचा साफ करणं अशी 5 मुद्द्यांची चेकलिस्ट वापरली, इन्फेक्शन खूप कमी झाली, 2006 ला पेपर आला आणि 2007 ला संशोधनावर लक्ष ठेवणारं तिथलं सरकारी ऑफिस विचारतं की पेशंटची संमती कुठाय? माहिती गोळा करणंच थांबलं. 2008 ला मोकळीक मिळाली म्हणा, पण मधला वेळ गेलाच ना. जिथे धोका नाही तिथे संशोधकाच्या सहीवर काम सुरू व्हावं.

सुलभा:
अजिबात पटलं नाही. धोका नाही हे ठरवणार कोण, ज्याला पेपर छापायचाय तोच? अमेरिकेतल्या टस्कीगीच्या अभ्यासातही नवं औषध कुणी टोचत नव्हतं, निरीक्षणच चाललेलं. 1932 ते 1972, सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना आजार कुठला हेच सांगितलं नाही, पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही, आणि तपासणीसाठी मणक्यातून पाणी काढलं ते खास मोफत उपचार आहे असं सांगून. तुमच्याकडे प्रश्न विचारणार कोण? उपचार करणारा डॉक्टरच असेल तर पेशंट नाही कसं म्हणेल, उद्या त्याच्याकडेच जायचंय ना. आणि अशा अभ्यासात डिप्रेशनचे प्रश्न बरेचदा घालतात, कुणी जगणं नको वाटतं यावर टिक केली तर त्या दिवशी त्या माणसाचं काय करणार, लिहिलंय का कुठे?

निशाचर:
ताई, डिप्रेशनचा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत नाहीये, पण असं काही कमिटीनं पहिल्या आठवड्यात विचारलं असतं तर मी आनंदानं उत्तर दिलं असतं. मला विचारलं काय, तर फॉर्मवर व्हर्जन नंबर नाही आणि सही निळ्या शाईत नाही. यात पेशंटचं रक्षण कुठे आलं?

कमिटीवाला:
शाईचं समर्थन नाही करणार. पण व्हर्जन नंबर लागतोच, नाहीतर सुधारलेला फॉर्म फाइलमध्ये राहतो आणि जुनाच पेशंटच्या हातात जातो, त्यात नवा धोका लिहिलेलाच नसतो. आणि कमी धोक्याच्या अभ्यासांसाठी एक्स्पिडाइटेड रिव्ह्यू असतो की, पूर्ण मीटिंग लागत नाही, अर्जात ते मागितलं होतंत का? दुसरं म्हणजे कन्सेंट फॉर्मची भाषा, "यादृच्छिक पद्धतीने गटविभागणी" असं लिहून आणतात, चिठ्ठी टाकून ठरवणार म्हटलं तर कुणालाही कळेल, तेवढ्यासाठी फाइल परत जाते.

अर्धविराम:
मनात आणलं तर वेळ लागत नाही हे 2020 ला दिसलंय. कोविडवरची औषधं तपासणारी ब्रिटनची रिकव्हरी ट्रायल, प्रोटोकॉलच्या पहिल्या मसुद्यापासून पहिला पेशंट घेईपर्यंत 9 दिवस, तेही एथिक्सची मंजुरी घेऊनच.

निशाचर:
हेच म्हणतोय मी! औषधाच्या ट्रायलला जमतं मग प्रश्नावलीला का नाही?

सुलभा:
तेव्हा सगळे बाकीची कामं सोडून बसले होते हो. एरवी कमिटीतली माणसं आपापली नोकरी सांभाळून फाइली वाचतात. कमिटीला पूर्णवेळ माणसं द्या, उत्तराची मुदत ठरवून द्या अशी मागणी करा, मी पण सही करते. संशोधकाच्या एकट्याच्या सहीवर मात्र नाही.