‘सुट्टी मागणारा पोरगा कारागीर होत नाही’ : या मताला माझा विरोध

शहापूरचा टर्नर :
बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका कारखानदार काकांनी परवा येथे लिहिले की हल्लीची पोरे साडेपाचला हात धुऊन निघतात, रविवारी फोन उचलत नाहीत, आणि ‘आम्ही भट्टीशेजारी पोत्यावर झोपून धंदा शिकलो, विश्रांती ही आधी काहीतरी झालेल्या माणसाने घ्यायची गोष्ट आहे.’ त्याखाली टाळ्यांचा पाऊस पडलेला पाहून माझी झोप उडाली, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मी तेवीस वर्षे मशीनवर आहे. सहाव्या वर्षी सलग अकरा रात्री ओव्हरटाइम केल्यानंतर पहाटे चारच्या सुमारास संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथच्या वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे हत्यार किती सरकवायचे त्या दुरुस्तीच्या आकड्यात, मी उणे 0.05 ऐवजी अधिक 0.05 भरले. हायड्रॉलिक बॉडीचे अडतीस जॉब बोअर (आतले भोक) मोठा होऊन भंगारात गेले. बोअर लहान राहिला असता तर पुन्हा कापता आला असता. वाढलेला बोअर कोणाच्या बापालाही कमी करता येत नाही. मालकांनी पगार कापला, त्या कारखान्याचे नाव मी घेत नाही. दुसऱ्या दिवशी दहा तास झोपून आल्यावर तीच स्क्रीन पाहिली, तेव्हा चूक मला दारातूनच दिसली. पुढे मंदीत तीन महिने ओव्हरटाइम बंद होता. त्या रिकाम्या संध्याकाळी मी प्रोग्रॅम लिहायला शिकलो आणि ऑपरेटरचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, झालो. हाताने दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते, असे झोपेचा अभ्यास करणारेही सांगतात. साचा गरम असताना फोडला तर कास्टिंगला तडा जातो हे काकांना मी सांगायला नको.

उद्यमबागचे काका :
आपली चूक झोपेची नव्हती, गेज लावून माप न तपासण्याची होती. दर पाचव्या जॉबला बोअर गेज लावला असता तर अडतीसऐवजी पाच गेले असते. झोपेला दोष देणे सोपे असते, कारण ती उलट उत्तर देत नाही. शिवाय रविवारी विश्रांती घेतलेली माझी पोरे सोमवारी सर्वांत जास्त रिजेक्शन (नापास माल) काढतात, कारण ती विश्रांती मोबाइलवर रात्री दोनपर्यंत चाललेली असते. बँकेचा हप्ता मात्र रविवारी झोपत नाही.

सांबऱ्याचा श्रोता :
काका, आपल्या शेजारच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व आठवा. ऐन उमेदीत क्षय झाला, गाणे बंद झाले, आणि देवासच्या घरात काही वर्षे हा माणूस अंथरुणावर पडून माळव्याच्या बायकांची गाणी ऐकत राहिला. उठल्यावर जे गायले ते आधीच्या कुमारांचे नव्हते. ती सक्तीची विश्रांती मिळाली नसती, तर आपला मराठी माणूस एक उत्तम गवई म्हणून संपला असता.

हुक्केरीचा वाचक :
‘आपला मराठी माणूस’? त्यांचे मूळ नाव शिवपुत्र कोमकळीमठ आणि घर कन्नड. गाणे मराठी श्रोत्यांनी डोक्यावर घेतले म्हणून जन्मदाखला बदलत नाही.

सांबऱ्याचा श्रोता :
चूक मान्य. आपल्याला आनंद झाला असेल. मुद्दा तरीही तसाच उभा आहे.

उद्यमबागचे काका :
मुद्दा उभा नाही, आडवा पडला आहे. क्षयाला विश्रांती म्हणणे हा रोग्याचा अपमान आहे. स्ट्रेप्टोमायसीन मिळाले नसते तर माळव्याची गाणी ऐकायला माणूस राहिला नसता. आणि अंथरुणावरही ते कामच करीत होते. ऐकणे हे गवयाचे काम नव्हे काय? अकराव्या वर्षापासून गायनगुरू बी. आर. देवधरांकडे केलेली मेहनत पाठीशी नसती, तर नुसते पडून राहून कोणी कुमार गंधर्व झाला नसता. आमच्या गल्लीत पडून राहणारे पुष्कळ आहेत.

वडगावची सूनबाई :
आपण दोघेही एका व्यक्तीला विसरलात. त्या वर्षांत कुमारांच्या पत्नी भानुमतीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. कोणाची तरी विश्रांती कोणाच्या तरी पाठीवर उभी असते, आणि या चर्चेत ती पाठ कोणालाच दिसलेली नाही. आषाढात आमच्या ग्रामदेवी मंगाईची वार पाळणूक येते. त्या वारी शेतीची कामे बंद असतात, बैल गोठ्यात रवंथ करतात, पुरुष कट्ट्यावर बसतात. माझ्या सासूबाई मात्र सकाळी पाच वाजता चुलीपुढे असतात, कारण सुट्टी म्हटली की जेवणारी तोंडे घरातच. मी शाळेत शिकवते. बढतीची विभागीय परीक्षा दोनदा हुकली ती आळसाने नव्हे. पुस्तक उघडायला रात्री अकरा वाजत आणि सव्वाअकराला डोके पुस्तकावर पडे. तिसऱ्या वेळी माहेरी नंदगडला पंधरा दिवस राहिले. आईने मला ताट उचलू दिले नाही, आणि मी पास झाले. टर्नरदादांच्या त्या ‘रिकाम्या संध्याकाळी’ घरचा स्वयंपाक कोणी केला, हे त्यांनी लिहावे.

शहापूरचा टर्नर :
बायकोने केला. ती त्या वेळी बाहेर शिवणकामही करीत होती. हे मी वरच्या उत्तरात लिहायला हवे होते. लिहिताना सुचलेसुद्धा नाही, याची लाज वाटते. काकांनी गेजविषयी लिहिले तेही खरे आहे, पण अकराव्या रात्री गेज उचलण्याची बुद्धीच शिल्लक राहत नाही, एवढे त्यांनी मान्य करावे.

उद्यमबागचे काका :
वहिनींच्या उत्तराला माझ्याजवळ उत्तर नाही. टर्नर, आपल्यासाठी आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात आठवड्याला 48 तास आणि एक सुट्टी लिहिलेली होती, ती मलाही पाठ आहे आणि मी ती देतो. माझी तक्रार सुट्टीनंतर तारवटून येणाऱ्या डोळ्यांविषयी आहे. तरी सलग सहा रात्रींपेक्षा जास्त पाळी कोणालाही लावायची नाही, असे मी सुपरवायझरला सांगितले आहे. त्यामागे आपले तत्त्वज्ञान नसून अडतीस बॉडींची किंमत आहे.

हुक्केरीचा वाचक :
आणि सुपरवायझरच्या रात्री कोण मोजणार?

उद्यमबागचे काका :
सुपरवायझर माझा मुलगा आहे. त्याच्या रात्री त्याची आई मोजते, आणि दर महिन्याला मला ऐकवते.