डोक्यावरच्या ताऱ्याला अंशांची पट्टी पुरत नाही
दुर्बिणीच्या नळीवर डिजिटल अँगल गेज (नळी किती अंश वर कललीय ते दाखवणारं) आणि डॉब्सोनियनच्या (जमिनीवरच्या फिरत्या बैठकीवर बसवलेल्या साध्या दुर्बिणीच्या) बुडाला अंशांची पट्टी, एवढ्यावर कुठलाही तारा सापडतो असं काही जण म्हणतात. गेजबद्दल पूर्ण सहमत. पट्टीची मात्र पुण्यात एक अडचण आहे. आपला अक्षांश 18.5 अंश, स्वाती ताऱ्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तरेकडचं अंतर) साधारण 19 अंश. म्हणजे हा तारा खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) जेमतेम अर्ध्या अंशावरून जातो, आणि त्या आठ-दहा मिनिटांत त्याचे दिगंश (उत्तरेपासून क्षितिजाच्या कडेने मोजलेला दिशेचा कोन, जो पट्टीवर वाचतात) शंभराहून जास्त अंशांनी फिरतात. ताऱ्यांच्या अ‍ॅपमधला दिगंशाचा आकडा पट्टीवर लावेपर्यंत शिळा! तासभर थांबा; तो पश्चिमेला 14 अंश कलला की दिगंश अगदी संथ बदलतात.

आणि पट्टी होकायंत्राने जुळवू नका, पोलादी नळीजवळ सुई भरकटते. शेजारच्या एखाद्या ठळक ताऱ्यावर दुर्बीण रोखून जुळवा.