हॅवलॉकला स्कूबा करताना
पोहता येत नसताना हॅवलॉकला (अंदमानातलं बेट, आताचं स्वराज द्वीप) स्कूबा, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली डाइव्ह, करावं का, आणि हॉटेलवाला सुचवेल तोच ऑपरेटर घ्यावा का, असं विचारलंय. पोहता येत नसलं तरी जरूर करा. नवख्यांच्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक तुम्हाला धरूनच असतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाहीत.

ऑपरेटर मात्र स्वतः जाऊन, बोलून ठरवा. एका प्रशिक्षकाकडे किती जण, हे पैसे भरण्याआधी विचारा. आम्ही गेलो तिथे आरोग्याचा फॉर्म नीट वाचला गेला. नवऱ्याला सर्दी होती, तर त्याला सरळ नाही म्हणाले आणि पैसे परत केले. मला हे फार आवडलं! मग कमरेएवढ्या पाण्यात सराव: तोंडाने श्वास घ्यायचा, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढायचं. जमेपर्यंत पुढे नेलं नाही. खाली उतरताना नाक चिमटीत धरून सारखं हलकेच फुंकत राहा, कानांवरचा दाब सुटतो. दुखलं तर लगेच खूण करा.

आणि हो, परतीचं विमान त्याच दिवशी नको. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त केल्या तर १८ तास जाऊ द्या.