पावसाळ्यात बाग कशी सांभाळता? (अनुभव धागा)

मंडळी, पावसाळ्यात झाडांचं काय काय करता ते लिहा. पुस्तकी माहिती नको. गाव आणि जागा आवर्जून सांगा, महाबळेश्वरचा पाऊस वेगळा नि सोलापूरचा वेगळा.

ठाणे, बाल्कनी : कुंड्यांखालच्या ताटल्या जूनमध्येच काढते. मुळं कुजतात, वर डेंग्यूचे डास. कुंड्या विटांवर, तळाची भोकं सळईने मोकळी. अडेनियम तेवढं आत, खिडकीशी. त्याचं खोड अंगठ्याने दाबून बघावं. टणक असेल तर काळजी नाही, पिचपिचीत लागलं की कूज धरली. मग चांगला भाग लागेपर्यंत कापायचं, बुरशीनाशक लावून सुकू द्यायचं.

पुणे, गच्ची : विटा ठीक हो ताई, पण खरं दुखणं मातीत असतं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पाणी धरून ठेवतं, या दिवसांत ते कमी आणि जाड वाळू जास्त. गुलाबाची काळ्या ठिपक्यांची पानं कुंडीत पडू देऊ नका. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर बुरशी परत वर चढते.

रत्नागिरी, परसू : तुमच्या कुंड्या आत नेता येतात, आम्ही सुपारी कुठे नेणार? कोळेरोगाला, म्हणजे फळं कुजवून गाळणाऱ्या बुरशीला, बोर्डो मिश्रणच. 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, प्लॅस्टिकच्याच पिंपात. मग एकत्र करून त्यात लोखंडी सुरी बुडवायची. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. न बघता मारलंत तर पानं करपतात. पहिली फवारणी पाऊस सुरू व्हायच्या आधी, पुढची उघडीप साधून.

लातूर, अंगण : गोगलगायी! 2022 साली आमच्याकडे सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हापासून धास्तीच आहे. गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून संध्याकाळी पसरतो, सकाळी खाली गोळा झालेल्या असतात. हातमोजे घालूनच उचला. वाफ्यात मीठ टाकू नका, माती खारवते.

नागपूर : आमच्याकडे उलटंच. बाहेर धो धो, आणि छज्जाखालची तुळस कोरडी ठाक.

ठाणे : रत्नागिरीकर काका, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आलाय. बोर्डो चालेल?

रत्नागिरी : नाही, ते बुरशीवरचं. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून ढेकूण पाडा, मग निंबोळी तेल, लिटरला 5 मिली, थोडा साबण घालून. पानांच्या खालूनही मारा. आभाळ बघून हो, नाहीतर तासाभरात धुऊन जाईल.