पत्रकात पाणी कुठंय?

(पुण्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून, जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीआधी)

सी-२०३: नगरसेवकपदाला उभ्या राहिलेल्या भाऊंचं पत्रक सगळ्यांच्या दाराला अडकवलंय, कुणी वाचलं का? मी चहा गार होईपर्यंत दोन्ही बाजू वाचल्या. काशी-अयोध्या यात्रा, खेळ पैठणीचा, हळदीकुंकू, दहीहंडी, तालमीला साहित्य. पाणी एकदाच सापडलं, तेही पाणपोईत 😄

बी-३०४ काकू: अरे पत्रकात सगळं लिहितात का कुणी. एकदा निवडून तर येऊ दे, मग आपण सगळ्या बायका जाऊन बसू ऑफिसात. गेटसमोरचा दिवा आठ दिवसांत लावून दिला का नाही?

सी-२०३: दिला काकू, कबूल. पण त्या खांबावर नावाची पाटी आधी लागली आणि दिवा नंतर, आठवतंय ना. मागाल ते एकेक देतील ते. पाइपलाइन म्हणजे बजेटमध्ये तरतूद, मग टेंडर, मग चार वर्षं खेटे, आणि ती जाते जमिनीखाली, पाटी कुठं लावणार?

डी-१०२ काका: लग्न झालं की सुधारेल म्हणत पोरगी देतात, तसलं चाललंय हे.

ए-७०१: काका 🙏 मी स्वतः केलंय हे. २०१५ ला गुडगावला होतो, सुट्ट्या टाकून दिल्लीत आपच्या प्रचाराला जायचो. आमच्यातले निम्मे केजरीवालांसाठी आलेच नव्हते, २०११ च्या अण्णांच्या रामलीला मैदानातल्या आंदोलनामुळे आले होते. माणूस एककल्ली आहे हे दिसत होतं, आदल्या वर्षी ४९ दिवसांत राजीनामा देऊन मोकळा झाला होता, पण वाटायचं योगेंद्र यादव आहेत, प्रशांत भूषण आहेत, आपण आहोत, सांभाळून घेऊ. फेब्रुवारीत ७० पैकी ६७ सीटा आल्या आणि एप्रिलमध्ये ते दोघंच पक्षाबाहेर. आणि फसवलं म्हणायचीही सोय नाही, माणूस होता तसाच होता, आम्हीच मनात दुसरा उभा केला होता. बाकी वीजबिल निम्मं आणि महिन्याला २० हजार लिटर पाणी फुकट म्हणाले होते, ते मात्र आल्या आल्या केलं.

बी-३०४ काकू: २० हजार लिटर??

ए-७०१: हो काकू, पण ते जाहीरनाम्यात होतं. पाणपोई नव्हती 😂

ई-५०५: ठीक आहे, पण दाखवला तसा तरी राहतो का कुणी? धनुष्यबाण २०२३ ला इकडचा तिकडे गेला, घड्याळ २०२४ ला. आमची आई २०१९ ला घड्याळाला मत देऊन आली, ती अजून विचारते माझं मत सध्या कुणाकडं आहे. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा आहे म्हणे.

सी-२०३: झेंडा बदलतो हो, सवय नाही बदलत. भाऊंनीच दोनदा बदलला, यात्रेची बस तीच, फक्त मागचा बॅनर नवा. आणि यात्रेला मी नावं ठेवत नाही, आमच्या सासूबाईंना नेलं होतं, गोळ्यांच्या वेळासुद्धा त्यांची पोरं विचारत होती. यात्रा आवडली म्हणून मत द्यायचं तर खुशाल द्या, ते ती परत नेणार. पण पाण्यासाठी म्हणून देऊन नंतर माझ्या दाराशी रडत येऊ नका. आपल्यासारखी २३ गावं २०२१ च्या जूनमध्ये महापालिकेत आली, मार्च २०२२ पासून तर सगळीकडेच प्रशासक, म्हणजे आपली नगरसेवक निवडायची ही पहिलीच खेप, आणि प्रभागात चार जागा म्हणून बटणं चार दाबायची आहेत, चारही एकाच पॅनेलला दाबायला काय झालंय? शिवाय नागरिकांचं अंदाजपत्रक म्हणून २००६-०७ पासून एक प्रकार आहे, आपल्या भागातली छोटी कामं फॉर्म भरून सुचवायची. मी मागे ग्रुपवर टाकला होता तो फॉर्म, तीन अंगठे आले आणि भरला एकानं, तो मीच.

डी-१०२ काका: एक अंगठा माझा होता 🙈

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, ग्रुपवर राजकारण नको, नियम पिन केलेला आहे. उद्या ११ वाजता भाऊ स्वतः क्लब हाऊसला येत आहेत, चहा-नाश्ता त्यांच्यातर्फे. आजचा टँकर अजून आलेला नाही, वापर जपून करावा.

बी-३०४ काकू: चहाला पाणी ते आणणार का आपल्या टाकीतलं?