किडनी स्वतःच मीठ बाहेर काढते, मग भडंगावर बंदी कशाला?

कृष्णाकाठचा: वडिलांचं बीपी १५०/९६ निघालं. डॉक्टरांनी लोणचं, पापड, भडंग सगळं बंद केलं. सांगलीत राहून भडंग बंद! वडील दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत, म्हणून मीच वाचायला बसलो. डोपामाइन हे रसायन आपण मेंदूतलं समजतो, पण किडनी स्वतःपुरतं वेगळं बनवते. रक्तातून गाळून आलेला एल-डोपा, म्हणजे डोपामाइनचा कच्चा माल, किडनीतल्या बारीक नलिकांच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी उचलतात, त्याचं डोपामाइन करतात आणि ते तिथल्या तिथंच कामाला लागतं. सोडियम परत आत ओढणारे पंप ते मंद करतं, राहिलेलं सोडियम लघवीवाटे जातं. मीठ जास्त खाल्लं की हे डोपामाइनही वाढतं. मीठ माफक वाढलं, तर बाहेर पडणाऱ्या सोडियमचं साधारण निम्मं श्रेय याचंच. एवढी सोय असताना सगळ्यांना सरसकट अळणी जेवायला लावणं मला तरी पटत नाही.

सुखी_जीव: +१. डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन. काकांना खाऊ द्या, खूश राहतील, मीठही जाईल.

मिरजेची_ताई: सुखी_जीव, रक्तातलं डोपामाइन मेंदूत शिरत नाही आणि किडनीचं किडनीतच वापरलं जातं. काका भडंग खाऊन खूश झाले म्हणून नलिकेला काही कळत नाही.

धागाकर्ते, सोय आहे हे मान्य. पण बीपी असलेल्या बऱ्याच जणांत नेमकी तीच बिघडलेली असते. डोपामाइन बनतं, ते ज्यावर बसतं ते डी-१ ग्राहीही असतात, पण निरोप पेशीच्या आत पोचत नाही. बेलचं बटण ठीक, आतली वायर तुटलेली. ज्या पहारेकऱ्याच्या भरवशावर तुम्ही भडंग मागताय, तो काकांच्या बाबतीत झोपलेला असू शकतो.

कृष्णाकाठचा: मग बाहेरून डोपामाइन द्या की.

मिरजेची_ताई: देऊन झालंय. मी आयसीयूत काम केलंय. पूर्वी किडनी वाचवायला म्हणून थोड्या मात्रेत डोपामाइन लावायचे, 'रीनल डोस' म्हणत. पिशवीत लघवी वाढली की नातेवाईकही खूश, आम्हीही खूश. मग २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ३२८ रुग्णांचा अभ्यास आला. एका गटाला डोपामाइन, दुसऱ्याला नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला दिखाऊ डोस. किडनी वाचवण्यात फरक शून्य.

उसातला_गडी: एसीत बसून मीठ मोजणाऱ्यांनी एप्रिलमध्ये एक दिवस सरीत उभं राहावं. सदरा वाळला की पाठीवर पांढरे डाग पडतात. आम्हाला पण दिवसाला पाचच ग्रॅम मीठ का?

मिरजेची_ताई: दादा, घामातून मीठ जातं, बरोबर आहे. तुमचं बीपी चांगलं असेल तर तुमच्याशी माझं भांडण नाही. पण धागाकर्त्यांचे वडील रिटायर आहेत ना?

कृष्णाकाठचा: आहेत. सकाळी बाग, संध्याकाळी कट्टा. हिशेब केला. चौघांना महिन्याला दीड किलो मीठ लागतं, म्हणजे रोज माणशी साडेबारा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना पाचपेक्षा कमी म्हणते. आई म्हणते, वांगी मिठाच्या पाण्यात टाकते तेही त्यातच धर. धरलं. तरी दुप्पट. बाकी निरोगी माणसाला अळणी खायला लावू नये, हे माझं मत कायम.

सुखी_जीव: मग भडंगाचं काय ठरलं?

कृष्णाकाठचा: मीठ न घालता घरी केलं. लसूण, कढीपत्ता, शेंगदाणे, मेतकूट, तिखट सढळ. वडिलांनी मूठभर तोंडात टाकलं आणि म्हणाले, "बरं झालंय, मीठ बरोबर आहे." मीठ होतंच की. चुरमुरे मुळात खारे असतात, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मिरजेची_ताई: तेच लिहायला आले होते.