'आम्ही छड्या खाल्ल्या, आमचं काय बिघडलं?' म्हणणाऱ्यांसाठी

अंगणचिमणी
काल इथे एकाने लिहिलं, पहिली-दुसरीच्या पोरांना राग ओळखा, दुसऱ्याचं ऐका असलं शिकवणं ही परदेशी थेरं आहेत, आम्ही छड्या खाऊनच माणसं झालो. खाली अंगठ्यांचा पाऊस. रात्रभर डोक्यात घोळत होतं.

परदेशी? मूल्यवर्धन हा मूल्यं शिकवायचा कार्यक्रम 2009 साली जिल्हा परिषदेच्या शाळांत सुरू झाला तो बीडला, बोस्टनला नाही. दिल्लीच्या सरकारी शाळांत 2018 मध्ये नर्सरी ते आठवीला हॅपिनेसचा तास आला. आणि छडीला शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 आडवं येतं, तेवढं लक्षात असू द्या.

माझा भाचा दुसरीत. एक मुलगा त्याचा डबा रोज पळवायचा. बाईंनी दोघांना समोरासमोर बसवून एकेकाला बोलू दिलं. तेव्हा कळलं, त्या पोराची आई दवाखान्यात, घरून डबाच येत नव्हता. छडीने हे कळलं असतं?

वेताची_छडी
ती पोस्ट माझीच. बाई चांगल्या होत्या, त्यात अभ्यासक्रमाचं काय कौतुक? ब्रिटनमध्ये शाळाशाळांतून माइंडफुलनेस, म्हणजे मन शांतपणे या क्षणावर आणायचा सराव, शिकवून पाहिलं. 2022 मध्ये निकाल आला, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही जास्त फायदा नाही. घ्या!

अंगणचिमणी
ती मुलं 11 ते 13 वर्षांची होती, काका. आपण प्राथमिकबद्दल बोलतोय. 2011 मध्ये असं भावना ओळखायला शिकवणाऱ्या 213 शालेय कार्यक्रमांचा एकत्र अभ्यास छापून आलाय. ही कौशल्यं शिकलेली मुलं अभ्यासातही सरासरी 11 पर्सेंटाइलनी, म्हणजे शंभरात क्रम लावला तर 11 जागांनी, पुढे होती.

वेताची_छडी
त्यातले बहुतेक कार्यक्रम अमेरिकेतले. आता बीड कुठे गेलं?

खडूची_धूळ
तुमचं चालू द्या. मी जि.प. शिक्षक, दोन वर्ग आणि मी एकटा. 2024 मध्ये आनंददायी शनिवार, म्हणजे शनिवारी पुस्तकाबाहेरचं काही शिकवायचा सरकारी उपक्रम आला, कल्पना झकास. पण केंद्रप्रमुखांना फोटो हवा, मग लिंक भरा. पोरं गोलात बसली, फोटो निघाला, गोल मोडला. तेवढ्यात तांदळाची गाडी दारात. पोषण आहाराची नोंद, यूडायस म्हणजे शाळेची सरकारी माहिती, आधार. समानुभूती कोणत्या तासाला घेऊ?

कोथरूडकर
पण मास्तर, सुट्ट्या मोजल्या तर वर्षाचे कामाचे दिवस किती भरतात हो?

खडूची_धूळ
आलात का! मे महिन्यात बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारा माणूस, म्हणून यादी घेऊन दारोदार मी फिरलो. एका बंगल्यात तर कुत्रं सोडलं अंगावर. कदाचित तुमचाच असेल.

कोथरूडकर
भाषा सांभाळा. आमच्या पैशातून पगार होतो तुमचा.

खडूची_धूळ
आणि तुमची पोरं आम्ही शिकवत नाही, ती इंटरनॅशनलला जातात. तिथे समुपदेशक असतो. आमच्याकडे समुपदेशक मी, कारकून मी, घंटा वाजवणाराही मीच.

सुईदोरा
धागा कुठे निघालाय! बीएलओसाठी वेगळा काढा. परिपाठात दहा मूल्यं आहेतच की. माझा नातू 'संवेदनशीलता' तोंडपाठ म्हणतो आणि बहिणीला चिमटे काढतो. पाठांतराने होत नाही, एवढं वेताच्या छडीलाही पटेल.

वेताची_छडी
पाठांतराचं पटलं. घ्या, लिहून ठेवा, वर्षातून एकदा होतं. पण रडलं की जवळ घ्यायचं, मारलं की 'तुला काय वाटलं' विचारायचं, मग पोर कणखर कधी होणार?

अंगणचिमणी
रडू नको म्हटल्याने रडणं थांबत नाही, सांगणं थांबतं. आमच्या वर्गातल्या एकीला रिक्षावाला त्रास द्यायचा. आईला कळलं चौथी संपल्यावर. तोवर ती फक्त 'शाळेत जायचं नाही' म्हणायची आणि धपाटे खायची. कणखर झाली, हो.

वेताची_छडी
हे वेगळं. त्या रिक्षावाल्यालाच छडी हवी होती. बरं बाई, तिसरीपर्यंत बसवा तुमचे गोल. चौथीपासून मात्र पाढे.

खडूची_धूळ
माझ्याकडे तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते. शनिवारी या काका, अर्ध्या खोलीला गोलात बसवा. लिंक मी पाठवतो, फोटो तुम्ही भरा.